आधी करणी, मग आकडे, चेहरा शेवटी: आरपीजीतलं कॅरेक्टर कसं घडवावं

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, एखादं कॅरेक्टर बनवून त्याच्या भूमिकेतून खेळायचा खेळ. १९९८ साली आलेल्या अशाच मूळ 'बाल्डर्स गेट'मध्ये कॅरेक्टरचे आकडे, म्हणजे बुद्धी, ताकद अशा गुणांचं माप, फासे टाकून ठरत. वाट्याला आलेले आकडे आवडले नाहीत तर 'रीरोल'चं बटण होतं. एखादा डाव बरा पडला तर तो बाजूला जपून ठेवून पुढे फासे टाकत राहायचीही सोय होती. मी एक अख्खी संध्याकाळ ते बटण दाबण्यात घालवली. शेवटी जादूगार हाती आला तो असा: इंटेलिजन्स (बुद्धी) १८, डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, कॉन्स्टिट्यूशनही (दमखम) १८. खेळ सुरू केला आणि पहिल्याच लांडग्याने त्याला दोन चाव्यांत आडवं केलं.

कारण अगदी साधं होतं. त्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला मुळात ४ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचा जीव, मिळत. कॉन्स्टिट्यूशनमुळे मिळणारी भर क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, लढवय्याचा नसेल तर २ च्या वर जात नसे, आणि ती २ ची भर १६ वरच मिळत असे. म्हणजे १८ च्या हव्यासात मिळवलेले वरचे दोन पॉइंट निव्वळ शोभेचे. अंगात एकूण जीव ६, आणि तो घेऊन स्वारी निघाली होती सगळ्यांच्या पुढे.

तेव्हापासून मी कॅरेक्टरची स्क्रीन उलट्या क्रमाने भरतो. बहुतेक खेळ आधी वंश, म्हणजे माणूस की आणखी कोण, ते विचारतात, चेहऱ्यावर तासभर रमवतात आणि आकडे शेवटी पुढे ढकलतात. तोवर आपण कंटाळलेले असतो आणि 'पुढे, पुढे' करत सुटतो. खरं तर कॅरेक्टर खेळात काय करणार हे आधी ठरवायला हवं. बाकीचं त्यातून आपोआप निघतं.

स्क्रीन उघडण्याआधी तीन वाक्यं

कागद घ्या किंवा फोनवर टिपून ठेवा. तीन वाक्यं पूर्ण करायची आहेत. मारामारी जुंपली की हा काय करतो? वाट अडली, म्हणजे दार बंद आहे किंवा पहारेकरी सोडत नाही, तर हा काय करतो? आणि त्याला काय अजिबात जमत नाही?

उत्तरात क्रियापद हवं. 'शूर, गूढ, एकाकी' अशी विशेषणं लिहिली की छान वाटतं, पण त्यावरून एकही पॉइंट कुठे टाकायचा ते कळत नाही. 'लांबून बाण मारतो' म्हटलं की लगेच कळतं.

तिसरं वाक्य लोक टाळतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. सगळं येणारं कॅरेक्टर चार तासांत कंटाळवाणं होतं, कारण कुठल्याच प्रसंगी डोकं चालवावं लागत नाही. शिवाय खेळ तुम्हाला सगळं मिळू देतच नाही. एका ठिकाणी उणं केल्याशिवाय दुसरीकडे अधिक होत नाही. उणं कुठे करायचं हे तुम्ही ठरवलं नाहीत, तर ते नको तिथे होऊन बसतं.

या लेखापुरतं एक कॅरेक्टर आपण बरोबरच बनवू. खेळ २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३', नाव मैना. मैनाची तीन वाक्यं अशी: मारामारी जुंपली की ती मागे सरकून बाण मारते. वाट अडली की बोलून मार्ग काढते, आणि बोलणं फसलं तर गुपचूप कुलूप उघडते. तिला वजन उचलणं, लांब उडी मारणं आणि पुस्तकी ज्ञान पाजळणं जमत नाही.

या खेळात कोणता आकडा काय करतो

एका खेळातलं शहाणपण दुसऱ्यात तसंच्या तसं चालत नाही. नावं सारखी असतात आणि आतलं यंत्र वेगळं. २०१५ च्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'त माइट हा आकडा तलवारीचा घावही वाढवतो, बंदुकीचाही आणि मंत्राचाही. तिथे 'जादूगाराला ताकद कशाला' असं म्हणून माइट खाली ठेवणारा माणूस कच्चे मंत्र फेकत बसतो. 'डिस्को एलिझियम'मध्ये (२०१९) क्लास नावाची गोष्टच नाही. चार गुणांत मिळून १२ पॉइंट आणि त्यांच्या हाताखाली २४ कौशल्यं. ही कौशल्यं तुमच्या डोक्यात बसून तुमच्याशी बोलतात. फिजिक हा शरीराचा गुण अगदी तळाला ठेवला, तर खेळाच्या पहिल्या खोलीतच छताच्या पंख्याला अडकलेला टाय ओढताना तुमचा गुप्तहेर हार्ट अटॅकने मरू शकतो. बंदूक नाही, शत्रू नाही, टाय!

'स्कायरिम'ची गोष्टच निराळी. तिथे सुरुवातीला वंश निवडा, चेहरा रंगवा, झालं. पुढे जे कराल त्यातच हात बसत जातो. तलवार चालवलीत तर तलवार वाढते, लपतछपत फिरलात तर लपणं. दहा वंशांपैकी प्रत्येकाला काही कौशल्यांत थोडी आघाडी मिळते, पण ती लवकर भरून निघते. तेव्हा स्कायरिम खेळणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडून खुशाल खेळायला जावं.

बाकीच्यांनी एक शोधून काढायचं: आकडा कुठल्या पायरीवर कामाला येतो. १९९७ च्या पहिल्या 'फॉलआउट'चं उदाहरण घ्या. सात गुण, प्रत्येक ५ वर, आणि वाटायला आणखी ५ पॉइंट. लढाईत एका फेरीत हालचालींसाठी किती ॲक्शन पॉइंट मिळतील हे ॲजिलिटीवर (चपळाईवर) ठरतं. हिशेब असा, की ५ अधिक ॲजिलिटीचा अर्धा, अपूर्णांक सोडून. ॲजिलिटी ८ असो की ९, ॲक्शन पॉइंट येतात ९ च. पिस्तुलाच्या साध्या गोळीला ५ लागतात. म्हणजे ९ मध्ये एकच गोळी, आणि उरलेल्या चारमध्ये जरा इकडेतिकडे चालायचं. ॲजिलिटी १० झाली की ॲक्शन पॉइंट १० आणि गोळ्या दोन. एका पॉइंटने मारा दुप्पट! आणि ८ चे ९ करायला घातलेल्या पॉइंटने मारा तसूभरही वाढला नाही. अशा पायऱ्या जवळपास प्रत्येक खेळात असतात. आकड्यावर माउस नेला की खेळ बहुधा स्वतःच सांगतो, आपणच वाचत नाही.

त्याच फॉलआउटमध्ये १८ कौशल्यांपैकी तीन 'टॅग' करायची, म्हणजे आपली खास म्हणून निवडायची असतात. एनर्जी वेपन्स (लेझरसारखी शस्त्रं) नावाला भुलून पहिल्याच झटक्यात टॅग करू नका. तसली शस्त्रं हाती यायला बराच काळ जातो, आणि तोवर उंदीर-विंचवांपुढे तुम्ही रिकाम्या हाताने उभे असता.

क्लास: आपलं काम काय

मैनाला बोलायचं आहे, बाण मारायचे आहेत, कुलूपही उघडायचं आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये बारा क्लास आहेत. 'रोग' (rogue, म्हणजे चोरटा) कुलपं उत्तम उघडतो, पण त्याच्या क्लासमधली कुठलीच गोष्ट बोलण्याच्या जोरावर चालत नाही. बार्डचे, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या गवयाचे, मंत्र मात्र कॅरिझ्मावर (व्यक्तिमत्त्वाच्या छापेवर) चालतात, आणि समोरच्याला पटवणं, गंडवणं, धमकावणं हेही कॅरिझ्मावरच. एकाच आकड्यात दोन्ही कामं होतात. जिथे असा मेळ बसतो तिथे फारसा विचार करायचा नसतो. मैना बार्ड.

दुसरी कसोटी सोबत्यांची. या खेळात एका वेळी चौघं हिंडतात, आणि सुरुवातीला भेटणाऱ्या सहा प्रमुख साथीदारांत फायटर, क्लेरिक, रोग, विझर्ड, वॉरलॉक आणि बार्बेरियन असे सगळे आहेत. बार्ड नाही. म्हणजे मैना कुणाची जागा अडवत नाही. कुलपांसाठी रोग साथीदार आहेच, म्हणून तिथे तिला अगदी तरबेज असायची गरज नाही. 'आइसविंड डेल'सारख्या खेळात सहाच्या सहा कॅरेक्टर आपणच बनवायची असतात. तिथे एवढंच बघा: दोघं मार खाणारे पुढे हवेत, एक बरं करणारा, एक सापळे-कुलपं बघणारा आणि एक घोळक्यावर जादू टाकणारा. सहावा हौसेचा.

मल्टिक्लासिंग, म्हणजे एका कॅरेक्टरमध्ये दोन क्लास मिसळणं, पहिल्या खेपेला नको. फायटर, पॅलडिन यांना एका वेळी दोन वार मिळतात ते त्या क्लासच्या पाचव्या लेव्हलला. मध्येच दुसरीकडे डोकावलात की ते लांबतं, आणि नेमके त्याच सुमाराला शत्रू दांडगे होतात.

आकडे: इथे मात्र घाई नको

सहा गुण, प्रत्येक ८ पासून सुरू, वाटायला २७ पॉइंट. १३ पर्यंत चढायला प्रत्येक पायरीला एक पॉइंट, पण १३ चे १४ करायला दोन आणि १४ चे १५ करायला आणखी दोन. १५ च्या वर या पॉइंटांनी जाता येत नाही. त्यानंतर एका गुणाला २ आणि दुसऱ्या एकाला १ अशी फुकट भर मिळते.

खरा खेळ मॉडिफायरचा, म्हणजे फाशावर पडलेल्या आकड्यात गुणामुळे मिळणाऱ्या भरीचा आहे. गुणातून १० वजा करा, निम्मे करा, अर्धा उरला तर खाली उतरवा. १० आणि ११ ला शून्य, १२ आणि १३ ला अधिक १, १४ आणि १५ ला अधिक २, १६-१७ ला अधिक ३. आणि ८ ला उणे १. फासा वीस बाजूंचा, म्हणून अधिक १ म्हणजे यशाची शक्यता सरळ ५ टक्क्यांनी वाढली. विषम आकडा पुढे सम होणार नसेल, तर वरचा पॉइंट पाण्यात.

आता 'सगळंच थोडं थोडं' करणाऱ्याचा हिशेब मांडू. तीन गुण १३ वर, तीन १२ वर. २७ पॉइंट बरोबर संपतात. दिसतंही नीटस. पण फुकटची भर धरण्याआधी मॉडिफायर सहाही ठिकाणी अधिक १. १३ वर नेलेल्या तिन्ही गुणांतला शेवटचा पॉइंट वाया. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मैनाचं असं: कॅरिझ्मा १५, त्याला ९ पॉइंट. डेक्स्टेरिटी १५, आणखी ९. कॉन्स्टिट्यूशन १४, त्याचे ७. झाले २५. उरलेल्या दोनांत विस्डम (शहाणपण) १० वर. स्ट्रेंग्थ (ताकद) आणि इंटेलिजन्स दोन्ही ८ वरच. तिसरं वाक्य आठवा, वजन आणि पुस्तकं तिला जमत नाहीत, ते इथे उतरलं. मग फुकटची भर: २ कॅरिझ्मात, १ डेक्स्टेरिटीत. शेवटी कॅरिझ्मा १७, डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १४.

पण १७ तर विषम! इथे जाणूनबुजून विषम ठेवला आहे. चौथ्या लेव्हलला एक फीट, म्हणजे एखादं खास कसब, निवडता येतो. 'ॲक्टर' नावाचा फीट कॅरिझ्मा १ ने वाढवतो, शिवाय गंडवण्यात आणि कलाप्रदर्शनात प्रावीण्याचा बोनस (येत असलेल्या कौशल्यावर मिळणारी भर) दुप्पट करतो. १७ चे १८ झाले, मॉडिफायर अधिक ४, आणि वर कौशल्यही पदरात पडलं. विषम आकडा असा पुढच्या पायरीवर डोळा ठेवूनच ठेवायचा.

कॉन्स्टिट्यूशनला १४ कशाला, असं कुणी विचारेल. लांडगा आठवतो म्हणून, हे एक उत्तर. दुसरं जरा सभ्य उत्तर असं, की बार्डला पहिल्या लेव्हलला ८ हिट पॉइंट आणि कॉन्स्टिट्यूशनचे २ मिळून १० होतात, आणि पुढे प्रत्येक लेव्हलला ते २ मिळत राहतात. बाराव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला फरक पडतो २४ चा. शिवाय बरेच मंत्र मन एकाग्र ठेवून टिकवावे लागतात. मार बसला की एकाग्रता सुटते की राहते हे याच गुणावर ठरतं. मागे उभं राहणाऱ्यांनी कॉन्स्टिट्यूशन उपाशी ठेवू नये. शत्रूंनाही धनुष्य चालवता येतं.

हे सगळं किचकट वाटत असेल तर एक पळवाट आहे. क्लास निवडला की खेळ स्वतःच आकड्यांची एक बरी मांडणी भरून ठेवतो. ती तशीच ठेवून खेळलात तरी काही बिघडत नाही.

पार्श्वभूमी आणि कौशल्यं

इथे क्रमाची एक गंमत आहे. पार्श्वभूमी दोन कौशल्यं देते आणि क्लासची कौशल्यं तुम्ही निवडता. आधी पार्श्वभूमी ठरवा, म्हणजे तेच कौशल्य दोनदा घेण्याचा प्रश्न उरत नाही. मैनाला 'शार्लटन' म्हणजे भामटेगिरीची पार्श्वभूमी दिली. तिच्यातून डिसेप्शन (गंडवणं) आणि स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी) आपसूक आलं. या खेळात कुलपं-सापळे याच दुसऱ्या कौशल्यावर उघडतात. बार्डला हवी ती तीन कौशल्यं घेता येतात. म्हणून पटवण्यासाठी पर्सुएशन, सावध नजरेसाठी पर्सेप्शन, आणि लपण्यासाठी स्टेल्थ.

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पहारेकऱ्याला पटवायचं आहे, अवघडपणा १५, म्हणजे फासा आणि भर मिळून निदान १५ हवेत. मैनाचा कॅरिझ्मा ३ देतो, प्रावीण्य २. फाशावर १० किंवा वर पडलं की काम झालं, म्हणजे शक्यता ५५ टक्के. तिसऱ्या लेव्हलला बार्डला एक्सपर्टीज मिळतं. ते पर्सुएशनला दिलं की प्रावीण्याचे २ चे ४ होतात, आता ८ पुरतो, शक्यता ६५ टक्के. हेच काम ८ कॅरिझ्माच्या आणि प्रावीण्य नसलेल्या फायटरने करायला घेतलं तर त्याला १६ लागतो. शक्यता २५ टक्के. म्हणून संवादाला कोण पुढे होतो याकडे लक्ष ठेवा. दार उघडलं त्यानेच बोलायला सुरुवात केली, आणि तो नेमका अडाणी निघाला, असं फार वेळा होतं.

पार्श्वभूमी निवडताना एक जपा. पुढे क्लास आणि आकडे बदलता येतात, वंश आणि पार्श्वभूमी मात्र बदलत नाहीत. शिवाय पार्श्वभूमीला साजेसं काही केलं की इन्स्पिरेशन मिळतं आणि ते खर्चून फसलेला फासा पुन्हा टाकता येतो. ज्या प्रकारची कृत्यं तुम्ही तशीही करणार आहात, तीच पार्श्वभूमी घ्यावी. सज्जनपणे खेळणाऱ्याने गुन्हेगाराची घेतली तर इन्स्पिरेशनची वाटच बघावी लागेल.

वंश

मैना हाफलिंग, म्हणजे बुटक्या लोकांच्या वंशातली. वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की या खेळात कौशल्याची परीक्षा हमखास फसते, मग तुमचा बोनस कितीही असो. हाफलिंगला तो १ पुन्हा टाकता येतो. लागोपाठ दोनदा १ पडण्याची शक्यता ४०० त एक. रात्रंदिवस बोलून कामं काढणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं? बदल्यात काय गेलं तेही बघू. एका फेरीत इतर बहुतेक वंश ९ मीटर चालतात, हाफलिंग साडेसात. अंधारात दिसत नाही. मागे उभं राहणारीला मीटर-दीड मीटर कमी चालून निभतं. तीच हाफलिंग पुढे धावून कुऱ्हाड चालवणार असती, तर मी घेतली नसती.

आकड्यांची फुकट भर या खेळात वंशाला बांधलेली नाही. त्यामुळे नुसता आवडला म्हणून वंश घेतलात तरी फार नुकसान नाही. जुन्या खेळांत तसं नसतं, तिथे वंशामुळे गुण वरखाली होतात आणि काही क्लास बंदच होतात.

चेहरा, आवाज, नाव

यावर वेळ घालवायचा असेल तर घालवा, मजा त्यातही आहे. दोनच सूचना. कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवरचा उजेड फसवा असतो, खेळात तोच चेहरा फार वेगळा दिसू शकतो. तेव्हा पहिला संवाद येईपर्यंत भुवयांच्या कोनावर अर्धा तास घालू नका. आणि चेहऱ्यापेक्षा आवाज जपून निवडा. तीच चार वाक्यं तुम्ही शेकडो वेळा ऐकणार आहात. मी एकदा खर्जातला भारदस्त आवाज निवडला होता. तिसऱ्या दिवशी पेटीचं झाकण उघडतानासुद्धा हा गृहस्थ रणशिंग फुंकल्यासारखा बोलतो हे लक्षात आलं, आणि आवाज बंद करून खेळावं लागलं.

पहिला तास

खेळ सुरू झाला की लगेच वेगळा सेव्ह करा, त्याला 'सुरुवात' असं नाव द्या आणि त्याला हात लावू नका. मग तासभर खेळा आणि टिपलेली तीन वाक्यं समोर ठेवा. मारामारीत मैना खरंच मागे राहून बाण मारते आहे, की प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्या अंगावर येतं आहे? अंगावर येत असतील तर चूक बहुधा आकड्यांत नसते, तिला उभं कुठे केलं त्यात असते. संवादात कॅरिझ्माचे पर्याय दिसत आहेत आणि तुम्ही ते निवडता आहात का? की हात सारखा धमकीकडेच जातो? तसं असेल तर पर्सुएशनच्या जागी इंटिमिडेशन घ्या, उगाच स्वभावाशी भांडू नका.

बदलायचं ठरलं तर या खेळात विदर्स नावाचा एक जुनाट सांगाडा भेटतो. तो नंतर मुक्कामावर येऊन उभा राहतो आणि खेळातल्या १०० सोन्याच्या नाण्यांत क्लास, आकडे, कौशल्यं सगळं पहिल्यापासून निवडू देतो. 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २'मध्ये हेच काम एक आरसा करतो, तेही फुकट. जुन्या फॉलआउटमध्ये मात्र अशी सोय नाही, तिथे 'सुरुवात' नावाचा तो सेव्हच कामी येतो.

एक आजार मात्र या सोयीने बरा होत नाही. दर दोन तासांनी 'याहून चांगलं कॅरेक्टर सुचलं' म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं. माझ्याकडे असे अकरा सेव्ह आहेत, अकराही खेळाच्या सुरुवातीच्या त्याच समुद्रकिनाऱ्यावर उभे. मैना बारावी. ती किनाऱ्यावरून पुढे सरकली, याचं सगळं श्रेय तिच्या आठ स्ट्रेंग्थला. एका भिंतीवर तिला उडी मारून जाता येईना, म्हणून वळसा घालून गेलो आणि पलीकडच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारण्यात अख्खी रात्र गेली.